नऊ महिन्यांची कारवानी कुत्री घरात क्षणभर टेकत नाही, काय करू?

कृष्णाकाठची | ९ जून, रात्री ११.१०

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. खाली दोन खोल्या, पुढे लहानसं अंगण. डिसेंबरात जतकडच्या एका ओळखीच्या धनगर कुटुंबाकडून कारवानी मादी आणली, तेव्हा ती तीन महिन्यांची होती. तांबूस अंग, लांब पाय, म्हणून नाव हरणी.

आता ती नऊ महिन्यांची आहे आणि घरात कुणालाच चैन नाही. दारात माणूस दिसला की थेट छातीवर पाय. सासूबाईंच्या दोन साड्यांचे पदर फाडले. चपला, उशा, मुलाचं दप्तर काही सुटलं नाही. संध्याकाळी सात ते नऊ अंगात आल्यासारखी पळते: कॉट, खुर्ची, ओटा, परत कॉट. गेल्या सोमवारी माझा मुलगा, पहिलीत आहे, अंगणातून घरात पळत आला. ही मागून धडकली, तो उंबऱ्यावर पडला आणि हनुवटीला तीन टाके पडले.

दमवायचे सगळे प्रकार करून झाले. सकाळी साडेपाचला नवरा सायकलला दोरी बांधून तिला हरिपूरपर्यंत पळवत नेतो. संध्याकाळी मी अंगणात चेंडू टाकते, सत्तर-ऐंशी वेळा तरी. जितकं पळवावं तितकी जास्त पेटते. 'बस' म्हटलं की बसते, बेदाणा तोंडात पडला की पुन्हा उडी. मध्यंतरी एक शिकवणारा लावला होता. त्याने गळ्यात काट्यांची साखळी घालून झटके दिले. तिसऱ्या दिवशी फाटकात तो नुसता दिसला तरी हरणी जागेवर मुतली. त्याच दिवशी त्याला बंद केलं.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात जतला परत सोडून येऊ. ते वाईट नाहीत, नातवाचे टाके बघून बोलतात. 'गणपतीपर्यंत बघू' एवढं त्यांच्याकडून कसंबसं मिळालंय. मला तिला सोडायचं नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

तासगावकर | १० जून, सकाळी ७.०२

ताई, राग मानू नका. आमच्या मळ्यावर कुत्र्याला लहानपणीच धाक बसवतात. वर्तमानपत्राची सुरळी करून नाकावर दोन दिले की समजतं त्याला. लहान लेकराला टाके पडलेत म्हणजे गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शिरवळचा विद्यार्थी | १० जून, सकाळी ८.४५

ताई, बाकी सगळं नंतर. बेदाणे आजपासून पूर्ण बंद करा. द्राक्षं आणि बेदाणे दोन्हींमुळे कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. मी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता मिरजेकडे दवाखाना आहे. आपल्या भागात घरोघरी बेदाण्याचा डबा असतो, म्हणून हे मी प्रत्येकाला सांगतो. उलट्या, मरगळ, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तसं काही नसलं तरी एकदा रक्त तपासून घ्या, किडनी नीट चालते का ते कळायला क्रिएटिनीन बघायला सांगा.

त्याच खेपेला कान, कातडी, दात आणि जंत बघून घ्या. कान दुखणारं किंवा गोचिडांनी खाजणारं कुत्रंही टेकत नाही, आणि आपण त्याला मस्तीखोर म्हणतो.

आणि एक काम करा. तीन दिवस तिची झोप वहीत मांडा. कधी डोळे मिटले, कधी उठली, कशाने उठली. या वयाच्या कुत्र्याला दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास झोप लागते.

तासगावकर दादा, नाकावर मार बसलेलं कुत्रं हाताला घाबरायला शिकतं. घाबरलेलं कुत्रं आधी मागे सरतं आणि कोपऱ्यात सापडलं की चावतं. घरात लहान मूल आहे म्हणूनच मी हात उगारू नका म्हणतोय.

तासगावकर | १० जून, दुपारी १.३०

डॉक्टर, आमच्या शेडवर बेदाणे खाली सांडलेले असतात, कुत्री तिथेच असतात. काही झालेलं बघितलं नाही.

शिरवळचा विद्यार्थी | १० जून, रात्री ९.२०

दादा, यातली खरी अडचण हीच आहे. एक कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसऱ्याला थोड्याशात होतं. कुणाला बाधेल हे आधी ओळखता येत नाही, आणि 'एवढे चालतात' असा आकडा नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं असं अलीकडे समोर आलंय. चिंचेतही ते भरपूर असतं, म्हणून चिंचही लांब ठेवा. शेडवरच्या कुत्र्यांना सांडलेल्या मालापासून दूर बांधता आलं तर बघा.

माणदेशी | ११ जून, सकाळी ६.१५

ताई, आमच्या घरात आजोबांपासून कारवानी आहेत. आटपाडीच्या बाजूला गाव. तुमचं वाचून वाईट वाटलं, कारण कुत्री चांगली आहे आणि तिच्याकडनं नको ते काम करून घेतलं जातंय.

हे नजरेवरचं कुत्रं. वास काढत मैलोन्‌मैल चालणारं नाही. पूर्वी सशामागं सोडायचे तेव्हा जीव तोडून पळायचं, पण किती? दोन-तीन मिनिटं. ससा मिळो न मिळो, मग रांजणाजवळच्या ओल्या मातीत पोट टेकून दुपार काढायचं. शिकार आता बंद आहे, १९७२ चा कायदा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण अंगाची ठेवण तीच राहिली. थोडं तुफान, मग पुष्कळ निवांत. तुम्ही तिला पहाटे सायकलमागं आणि संध्याकाळी चेंडूमागं रोज शिकारीवर नेताय आणि निवांतपणाची जागाच ठेवली नाही. तिचा दम वाढत चाललाय, पैलवानाचा तालमीत वाढतो तसा.

दुसरं, वर्षाच्या आतल्या पिल्लाला सायकलला बांधून पळवू नका. लांब हाडांची टोकं अजून कोवळी असतात. आपल्या मनानं पळेल, थांबेल, ते चालतं. दोरीनं ओढत नेलं की थांबायची सोय राहत नाही.

तिसरं, साधा पट्टा हिच्या कामाचा नाही. कारवानीचं डोकं निमुळतं, मानेपेक्षा फार मोठं नाही. मागं रेटा दिला की पट्टा कानांवरनं सुटतो. चार बोटं रुंद, ओढलं की थोडा आवळणारा आणि तिथंच थांबणारा पट्टा घ्या. आणि रस्त्यावर कधीच मोकळी सोडू नका. हिला मांजर दिसलं की तुमची हाक ऐकू येत नाही, मग ती कितीही शहाणी असो.

मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली, २००५ साली टपाल तिकिटावर आली. अशी देखणी जनावरं शहरात नेऊन लोक महिन्यात परत आणून सोडतात तेव्हा जीव तुटतो. तुम्ही विचारताय हेच मला फार वाटलं.

कृष्णाकाठची | १४ जून, रात्री १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. रक्त तपासलं, क्रिएटिनीन ठीक आलं, जीव भांड्यात पडला. डबा वरच्या फळीवर गेला. जंताचं औषध दिलं. उजव्या कानात मळ आणि लाली होती, थेंब चालू आहेत.

वही डोळे उघडणारी निघाली. बुधवारी साडेनऊ तास, गुरुवारी नऊ, शुक्रवारी दहा. त्यातही सलग झोप रात्रीचीच. पहाटे पाचला आम्हीच उठवतो. दुपारी डोळे मिटतात तोवर मुलगा शाळेतून येतो, मग शेजारची मुलं, मग दूधवाला, मग टीव्ही. ती झोपते मधल्या वाटेवर, जिथे प्रत्येकजण तिला ओलांडून जातो. मी याकडे कधी झोप म्हणून बघितलंच नव्हतं. सात ते नऊचं ते पळणं म्हणजे पेंगुळलेलं मूल जसं किरकिर करतं तसंच असेल का?

गोडोलीकर | १५ जून, सकाळी ११.००

बरोबर तेच आहे ताई. मी साताऱ्याचा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो. घरी दोन गावठी आहेत. त्यातला धाकटा तुमच्या हरणीसारखाच होता. त्याला घेऊन मी दीड वर्ष रोज किल्ला चढलो-उतरलो. पाय माझे मजबूत झाले, तो होता तसाच राहिला. नंतर जे उपयोगी पडलं ते लिहितो. लांब होईल, पण घाईत सांगण्यासारखं नाही.

आधी झोपेची जागा. जिन्याखाली किंवा भिंतीकडे जिथे येजा नाही अशी. खाली जाड वाकळ, कारण कारवानीच्या अंगावर चरबी नाही, गार फरशी टोचते. समोर जुनी चादर सोडा. दुपारी जेवण झालं की साडेबारा ते चार ती तिथे. आत चघळायला काहीतरी द्या. शिजवलेलं हाड नको, त्याच्या काचा होतात. स्टीलच्या वाटीत दही-भात घालून फ्रीजरमध्ये कडक केलेलं चालतं. चाटणं आणि चघळणं यानेच कुत्रं आपलं आपण निवतं. पहिले दिवस तुम्ही शेजारी बसा, रडत असताना कोंडून निघून जाऊ नका. आणि घरातल्यांसाठी एकच नियम: ती तिथे असताना तिला कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. मुलाने तर नाहीच.

चेंडू बंद करा, निदान महिनाभर. त्याऐवजी चिरमुरे. सांगलीत चिरमुऱ्यांना तोटा नाही! साधे, भडंगाचे नव्हेत, त्यात लसूण असतो आणि कांदा-लसूण कुत्र्याला वाईट. मूठभर साधे चिरमुरे अंगणातल्या गवतात फेका आणि बाजूला व्हा. एकेक दाणा नाकाने शोधायला तिला पंधरा मिनिटं लागतील. नाक खाली गेलं की कुत्रं हळूहळू शांत होतं, शेपटी खाली येते, आपल्याला दिसतं ते. पंधरा मिनिटांनी ती पाणी पिऊन आडवी होईल.

आता मुख्य. तिला 'बस' येतं, पण ते स्प्रिंग दाबून धरल्यासारखं बसणं आहे, मागचा भाग टेकलाय आणि अंग उडी मारायला तयार. तिला निवांत पडण्याचे पैसे अजून कुणी दिलेले नाहीत. एक गोणपाट घ्या, दुमडून अंथरा. तुम्ही शेजारी खुर्चीवर बसा. पट्ट्याची दोरी तुमच्या पायाखाली, इतकी सैल की ती उभी राहू शकेल, आडवी होऊ शकेल, पण कॉटवर उडी मारू शकणार नाही. आणि मग काही करू नका. बोलू नका, बघू नका. ती दोरी चावेल, भुंकेल, तुमचा हात चाटेल. चालू द्या. कधीतरी ती पोट टेकेल. त्या क्षणी, सेकंदाच्या आत, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा गोणपाटावर तिच्या पुढच्या दोन पायांमध्ये ठेवा. फेकायचा नाही, हातातून भरवायचाही नाही. हळू ठेवायचा. शाबासकी मोठ्याने नको, आपल्या उत्साहानेच ती उठते.

मग तिच्या मागच्या पायांकडे लक्ष ठेवा. आधी दोन्ही पाय पोटाखाली असतील, पळायच्या तयारीत. काही वेळाने एक कुल्ला एका बाजूला कलंडेल. तिथे दुसरा तुकडा. मग हनुवटी खाली येईल, तिथे तिसरा. आणि कधीतरी नाकातून लांब सुस्कारा येईल. तो आला की काहीही देऊ नका, बसून राहा. तो तुमचा पहिला दिवस.

दिवसातून दोनदा, दहा मिनिटं. शिकार दाखवून शांत बसवायचा प्रयत्न पहिल्या महिन्यात नको, म्हणजे दारावरची बेल, मुलं, मांजर यांच्यासमोर नको. घर शांत असताना सुरुवात करा.

पोवई नाका | १५ जून, दुपारी ४.२५

वाचतेय. आमचा लॅब्राडोर सव्वा वर्षाचा आहे, पाहुण्यांवर उड्या मारतो. गोडोलीकर, त्यासाठी काय?

गोडोलीकर | १५ जून, रात्री ८.१०

बेल वाजायच्या आधी दोरी लावलेली असू दे आणि दोरीवर पाय. चारही पाय जमिनीवर असताना तुकडा जमिनीवरच पडतो. पाय उचलले की पाहुणा पाठ फिरवतो. 'नको, खाली उतर' असं ओरडणंही त्याला खेळ वाटतो. पाहुण्यांना आधी फोनवर सांगून ठेवावं लागतं, तेच जास्त अवघड आहे.

कृष्णाकाठची ताई, मुलासाठी वेगळं. त्याला 'झाड' शिकवा. हरणी धावून आली की पळायचं नाही, हात छातीशी, मान वर, पाय रोवून झाड व्हायचं. हलत नाही त्याच्यामागे ती लागत नाही. पण हे शिकला तरी मोठं माणूस नसताना दोघांना एकत्र सोडू नका. दाराला गुडघ्याच्या वरपर्यंत फळी लावा.

कृष्णाकाठची | ६ जुलै, रात्री १०.१५

तीन आठवडे झाले, खरं ते लिहिते.

झोपेचा फरक सगळ्यात आधी पडला. पाचव्या दिवसापासून दुपारी स्वतःच जिन्याखाली जाते. वहीत आता तेरा-साडेतेरा तास येतात. संध्याकाळचं पळणं दोन तासांवरून वीसेक मिनिटांवर आलंय.

गोणपाटाचे पहिले चार दिवस फार वाईट गेले. चौथ्या दिवशी ती माझ्याकडे तोंड करून सतरा मिनिटं सलग भुंकली. अप्पा आतून म्हणाले, 'हे काय चाललंय?' मला रडू आलं, पण पाय दोरीवरून काढला नाही. पाचव्या दिवशी तीन मिनिटांत पोट टेकलं. चूक माझीही होत होती, मी बोलत होते. 'शहाणी गं माझी' म्हटलं की ती उठायची. सासूबाईंनी ते पकडलं. त्या रोज दुपारी चारला वाती वळायला बसतात. म्हणाल्या, तुझं तोंड बंद ठेव आणि इथे येऊन बस. तेव्हापासून गोणपाट त्यांच्या शेजारी असतं. वाती वळतानाचा तो कापसाचा बारीक आवाज सोडला तर खोलीत काही हलत नाही, आणि तिथे तिचा कुल्ला कलंडायला मिनिटही लागत नाही.

एक धक्का बसला. २८ जूनला हरिपूर रस्त्यावर शेळी दिसताच तिने मागे रेटा दिला, जुना पट्टा कानांवरून निघाला आणि ती गेली. समोरून ट्रॅक्टर येत होता. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली. माणदेशी दादा, तुम्ही सांगितलं होतं आणि मी 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणून पट्टा लांबणीवर टाकला होता. दुसऱ्या दिवशी मिरजेत चामड्याचं काम करणाऱ्याकडून रुंद पट्टा करून घेतला.

माणदेशी | ७ जुलै, सकाळी ६.००

वाचली हे मोठं. आता ओढाओढीचं. दोरी ताणली की थांबा, सैल झाली की चाला. पहिल्या आठवड्यात गल्लीचं टोकसुद्धा गाठणार नाही. नका गाठू. आणि आठवड्यातनं दोन-तीनदा चारी बाजूंनी भिंत असलेलं मैदान मिळालं तर तिथं तिला मोकळी सोडा, आपल्या मनानं दोन फेऱ्या मारू द्या. ते तिच्या रक्ताचं आहे, ते पूर्ण तोडू नका.

शिरवळचा विद्यार्थी | ७ जुलै, रात्री ९.५०

दोन गोष्टी. पावसाळा आहे, कृष्णेचं पाणी वाढलं की घाटाकडे आणि तुंबलेल्या पाण्यात नेऊ नका. २०१९ च्या पुरानंतर सांगलीकरांना सांगायला नको, पण उंदरांच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो आणि तो माणसालाही होतो. रेबीजबरोबर लेप्टोची लस झाली आहे का, कार्डावर बघा.

दुसरं, ती लवकरच माजावर येईल. तीनेक आठवडे चालतं. त्या काळात शिकलेलं विसरल्यासारखं वाटेल, घाबरू नका. नसबंदी करायची असेल तर वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण शस्त्रक्रियेने मस्ती उतरेल या आशेवर करू नका, ते काम गोणपाटाचंच. आणि भूल देण्याआधी ही कारवानी आहे हे आवर्जून सांगा. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांत भुलीच्या काही औषधांचा अंमल उतरायला फार वेळ लागतो.

तासगावकर | ८ जुलै, दुपारी २.४०

शेडच्या कडेला जाळी मारून घेतली. कुत्री आता बाहेरच्या बाजूला असतात. चिरमुऱ्यांचं आमच्या मोत्यावर करून बघितलं. नऊ वर्षांचा आहे, सहसा उठत नाही. अर्धा तास गवतात नाक घालून फिरला. बघायला बरं वाटलं.

कृष्णाकाठची | गणपतीनंतर, रात्री ११.३०

उशीर झाला लिहायला. गौरी-गणपतीत घरात तीस माणसं येऊन गेली. आरतीच्या वेळी हरणी जिन्याखाली, चादर खाली सोडलेली, आत गोठवलेली दही-भाताची वाटी. ढोल गल्लीत आले तेव्हा ती थरथरत होती, मी आत तिच्याजवळ बसून राहिले. आवाजाची भीती वेगळी आहे असं दिसतंय, त्यासाठी वेगळा धागा काढेन.

ऑगस्टमध्ये माज येऊन गेला आणि डॉक्टर म्हणाले तसंच झालं, तीन आठवडे सगळं पाण्यात. एक उशी आणि माझी एक ओढणी गेली. पुन्हा पहिल्या दिवसापासून गोणपाट घालून बसलो, या वेळी चार दिवसांत गाडी रुळावर आली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा पायातल्या चपलेसकट अंगणातून पळत आला. फळी उघडी राहिली होती, चूक माझी. हरणी उठली. तो उंबऱ्याच्या अलीकडे थांबला, हात छातीशी घेतले आणि वर छताकडे बघत उभा राहिला. ती त्याच्यापर्यंत आली, त्याचं कोपर हुंगलं, दोन क्षण थांबली, मग वळून सासूबाईंच्या शेजारच्या गोणपाटावर जाऊन पडली. सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली, चिकनच्या डब्याला त्या एरवी शिवत नाहीत, तो उघडला आणि एक तुकडा तिच्या पुढच्या पायांमध्ये ठेवला. मग उठून हात धुतले आणि पुन्हा वाती घेतल्या.

अप्पा खुर्चीतच होते. जतचं नाव त्यांनी काढलं नाही. संध्याकाळी फक्त विचारलं की ते गोणपाट आता विरलंय, मार्केट यार्डातून येताना दुसरं आणू का.